अंदाजपत्रक आणि अट

२०२२ सालच्या दिवाळीत, घरोघर लक्ष्मीपूजनाची तयारी चाललेली असता, सरकारी दप्तरात तेव्हा अजून उस्मानाबाद याच नावाने नोंदलेल्या धाराशिव शहरात, विधानसभेचे एक विद्यमान सदस्य अन्नत्याग करून बसले होते. ते कैलास पाटील; २०१९ साली ते या मतदारसंघातून प्रथम निवडून आले आणि २४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन सणाच्या दिवशी, त्यांनी आमरण उपोषण आरंभिले. त्यांना नवे धरण नको होते, नवी योजना नको होती, अंदाजपत्रकात नवे लेखाशीर्षही नको होते. ज्या शेतकऱ्यांनी २०२० च्या खरिपात पीकविम्याचा हप्ता रीतसर भरला होता, ज्यांचे उभे आणि कापलेले सोयाबीन पाण्यात गेले होते आणि ज्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवाडाही दिला होता, त्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर जमा करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. तिला २०२१ च्या विम्याची आणि २०२२ च्या पावसाने झालेल्या हानीच्या मदतीची जोड होती. उपोषण आठवडाभर चालले आणि त्या काळात जिल्ह्यातील अनेक गावांनी आपापल्या परीने त्याला साथ दिली.

या घटनेकडे पक्षीय चष्म्यातून पाहणे सोपे आहे, आणि त्या वर्षी राज्यात जे सत्तांतर झाले होते त्याच्या पार्श्वभूमीवर अनेकांनी तसे पाहिलेही. परंतु ज्याच्या हाती तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, कपात सूचना आहे, ज्याला अंदाजपत्रकावरील सर्वसाधारण चर्चेत उभे राहून वित्तमंत्र्यांना जाब विचारण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, त्या लोकप्रतिनिधीला एका मान्य झालेल्या देण्याच्या वसुलीसाठी कचेरीच्या दारात उपाशी बसावे लागते, ही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या मनुष्याने अस्वस्थ व्हावे अशी आहे. विधिमंडळाच्या हाती पैसा मंजूर करणे असते. तो पैसा कोणाला, केव्हा आणि कोणत्या शर्तीवर मिळावा हे ठरविणे मात्र त्याच्या हातून हळूहळू निसटून शासन निर्णयांच्या आणि करारनाम्यांच्या कलमांत गेले आहे. धाराशिव जिल्ह्याचा गेल्या पाच-सहा वर्षांचा अनुभव याच निसटण्याची हकीकत सांगतो.

ती हकीकत २०२० च्या ऑक्टोबरपासून सांगावी लागते. या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आता खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. ज्वारी, तूर, उडीद यांच्या शिवारांवर त्याने दोन-तीन दशकांत जे आक्रमण केले ते नगदी पैशाच्या गरजेतून केले. सप्टेंबरच्या अखेरीपासून कापणी सुरू होते, कापलेले पीक शेतातच पसरून वाळवितात, मग त्याची बनीम म्हणजे गंजी लावतात आणि मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत ती ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. शेतकऱ्याचे वर्षाचे सारे भांडवल या पंधरा-वीस दिवसांत उघड्यावर पडलेले असते. नेमक्या याच दिवसांत, ऑक्टोबरच्या मध्यावर, मुसळधार पाऊस कोसळला. ओढे आणि नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या, तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांत बनिमीच्या बनिमी वाहून गेल्या, आणि अनेक ठिकाणी पिकाबरोबर बांध व मातीही गेली. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस आणि शरद पवार या तिघांनीही त्या आठवड्यात जिल्ह्याचा दौरा केला. बांधावर उभे राहून सर्वांनी धीराचे शब्द उच्चारले, आणि ते शब्द खोटे होते असे म्हणण्याचे काहीच कारण नाही.

पण विम्याचे पैसे मिळण्याची वेळ आली तेव्हा या शब्दांपेक्षा एका कलमाचे वजन अधिक ठरले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्थानिक आपत्तीने किंवा काढणीपश्चात झालेल्या नुकसानीची सूचना शेतकऱ्याने व्यक्तिशः ७२ तासांच्या आत द्यावयाची होती. ज्या प्रदेशात रस्ते पाण्याखाली होते, वीज गेली होती, मोबाइलचे मनोरे बंद पडले होते आणि जिथे माणसे प्रथम गुरे व लेकरे वाचविण्याच्या खटपटीत होती, तेथील शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये छायाचित्रासह अर्ज भरला नाही म्हणून त्याचा दावा नामंजूर झाला. जिल्ह्याचे काम त्या हंगामात बजाज अलायन्झ या कंपनीकडे होते. ज्यांनी मुदतीत सूचना दिली त्या थोड्यांना भरपाई मिळाली आणि साडेतीन लाखांहून अधिक शेतकरी वंचित राहिले. त्याच वेळी महसूल खात्याने मात्र गावोगाव पंचनामे केले होते, तलाठ्याने, कृषी सहायकाने आणि ग्रामसेवकाने त्यांवर सह्या केल्या होत्या आणि त्यांच्या आधारे सरकारने आपत्ती निवारण निधीतून मदतही वाटली होती. एकाच शिवाराचे नुकसान सरकारच्या दप्तरी सिद्ध होते आणि कंपनीच्या दप्तरी असिद्ध! शेतकरी न्यायालयात गेले, आणि ६ मे २०२२ रोजी खंडपीठाने शासकीय पंचनामे ग्राह्य धरून कंपनीने सहा आठवड्यांत भरपाई द्यावी, न दिल्यास राज्य सरकारने ती द्यावी, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या कंपनीला २०० कोटी रुपये जमा करावे लागले. तरीही दिवाळी आली आणि रक्कम सर्वांपर्यंत पोचली नव्हती. म्हणून ते उपोषण.

मला या प्रकरणात सर्वांत अधिक खटकते ती गोष्ट अशी की ७२ तासांच्या या अटीवर ती लागू होण्यापूर्वी कोणत्याही सभागृहात साधी चर्चासुद्धा झाल्याचे दिसत नाही. योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, राज्याने त्यांवर शासन निर्णय काढला, निविदा निघाल्या, कंपन्यांशी करार झाले. विधिमंडळाने राज्याच्या हिश्शाच्या हप्त्याची रक्कम कृषी खात्याच्या मागणीत मंजूर केली. ती रक्कम ज्या शर्तींवर खर्ची पडणार होती त्या शर्ती सदस्यांच्या बाकावर कधी आल्याच नाहीत. पंचनामा म्हणजे काय, चार पंचांसमक्ष वस्तुस्थिती लिहून घेण्याची ही पद्धत निजामी अमलापासून आणि त्याआधीपासून येथील काळीला व पांढरीला कशी ठाऊक आहे, हे कळंबचा किंवा वाशीचा कोणताही आमदार पाच मिनिटांत सांगू शकला असता, आणि सरकारी पंचनामा हीच सूचना समजावी ही दुरुस्ती त्याने तेथल्या तेथे सुचविली असती. ती दुरुस्ती अखेर न्यायालयाने केली, पण त्यासाठी दीड वर्षाहून अधिक काळ आणि दोन न्यायासने खर्ची पडली.

धाराशिवच्या लोकप्रतिनिधींना सभागृहात बोलण्याची परंपरा नाही असे मुळीच नाही. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या अमलातून मुक्त झाला. त्याचे प्रतिनिधी १९५२ पासून हैदराबादच्या विधानसभेत बसले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर द्वैभाषिक मुंबई राज्याच्या आणि १९६० पासून महाराष्ट्राच्या विधानसभेत. आठ वर्षांत तीन विधानसभांची दारे पाहिलेल्या या प्रदेशाने शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील यांच्यासारखा नेता राज्याला दिला, ज्यांचे नाव आजही येथील जुनी माणसे शेतीच्या प्रश्नावर बोलणाऱ्या आमदाराचे माप म्हणून घेतात. त्या पिढीचे लक्ष कलमांवर असे, कारण तिच्या पुढ्यातले कायदेच तसे होते: १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा. कोण संरक्षित कूळ, कोणाची इनाम जमीन मदतमाश, कोणाची खिदमतमाश, नजराणा किती आणि कोणत्या मुदतीत, या एकेका शब्दावर एकेका कुटुंबाचे सातबारे अवलंबून होते. मदतमाश जमिनींचे भूधारणा वर्ग दोनचे प्रश्न या जिल्ह्यात अद्यापही मिटलेले नाहीत, आणि आजचे आमदारही त्यांवर बोलतात. ते बोलणे मला अंदाजपत्रकावरील अनेक भाषणांपेक्षा मोलाचे वाटते, कारण त्यात कलमाला हात घातलेला असतो.

अंदाजपत्रकावरील चर्चेचे स्वरूप पाहिले म्हणजे हा फरक ध्यानात येतो. १० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी मांडलेले अंदाजपत्रक ७ लाख कोटी रुपयांच्या घरातले होते आणि त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपयांची दाखविली होती. निवडणुकीपूर्वी कर्जमाफीचे अभिवचन दिले गेले होते. अंदाजपत्रकात तिचा पत्ता नव्हता, आणि मार्च संपण्यापूर्वी खुद्द वित्तमंत्र्यांनीच शेतकऱ्यांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरावे असे जाहीरपणे सांगितले. विरोधी सदस्यांनी या विसंगतीवर बोट ठेवले, आणि ते ठेवणे त्यांचे कर्तव्यच होते. पण सर्वसाधारण चर्चा अशा मोठ्या आकड्यांवर आणि मोठ्या अभिवचनांवर संपते. त्यानंतर खातेनिहाय मागण्यांवर जे बारकाईचे बोलणे व्हावयाचे त्याला दिवस पुरत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकून संमत होतात. मग पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्याही हजारो कोटींच्या, आणि त्यांची पुस्तिका वाचण्यास सदस्याला जेमतेम काही दिवस मिळतात.

पीकविम्याच्या बाबतीत तर पंचांगच असे जुळले आहे की सभागृहाला बोलण्यास वावच राहू नये. मार्च २०२३ च्या अंदाजपत्रकात फडणवीस यांनी एक रुपयात पीकविम्याची घोषणा केली. शेतकऱ्याच्या हिश्शाचा हप्ताही राज्याने भरावयाचे ठरले, आणि घोषणा सभागृहात झाल्यामुळे तिच्यावर भरपूर भाषणे झाली. पुढे त्या योजनेत बनावट अर्जांचे पीक आले: देवस्थानांच्या, शासकीय आणि नापीक जमिनींवर विमे उतरविले गेल्याचे उघडकीस आले. या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावयास हवा होता, कारण बनावट अर्ज भरणारे आणि खरा शेतकरी ही दोन निराळी माणसे आहेत. परंतु तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये एक रुपया आणि भिकारी यांची जी सांगड आपल्या जाहीर बोलण्यात घातली, आणि पुढे कर्जमाफीचा पैसा साखरपुड्या-लग्नांत जातो अशा आशयाचे जे विधान केले, त्यांनी सारा वाद शेतकऱ्याच्या अब्रूवर नेऊन ठेवला. मंत्र्याचा शब्द हा धोरणाचाच अंश असतो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्या माणसाला तो शब्द लागतो, आणि तो लागला. जुलैअखेर कृषी खाते कोकाटे यांच्याकडून दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले.

त्याआधी, २०२५ च्या २६ मार्चला अर्थसंकल्पीय अधिवेशन संपले होते आणि ३० जूनला पावसाळी अधिवेशन भरावयाचे होते. या दोहोंच्या मध्ये, ९ मे २०२५ रोजी, सुधारित पीकविम्याचा शासन निर्णय निघाला. एक रुपयाची योजना गेली आणि खरिपासाठी २, रब्बीसाठी १.५ आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के असा हप्ता पुन्हा शेतकऱ्यावर आला. याचे दुःख मी फारसे करणार नाही. हप्ता भरण्याची या जिल्ह्याच्या शेतकऱ्याची तयारी पूर्वीही होती. खरा घाव दुसरीकडे बसला. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यात प्रतिकूल हवामान, स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान, या चार कारणांनी मिळणारी भरपाईच काढून टाकण्यात आली आणि मुख्यतः पीककापणी प्रयोगातून येणाऱ्या सरासरी उत्पन्नावर सारे विसंबले. ज्या ७२ तासांच्या अटीशी शेतकरी न्यायालयापर्यंत लढले ती अट अशा रीतीने नाहीशी झाली खरी. पण ज्या हक्काला ती जोडलेली होती तो हक्कच तिच्याबरोबर गेला.

हे सारे घडून साडेचार महिने होतात न होतात तोच सप्टेंबर २०२५ चा पाऊस आला. या वेळी सर्वांत मोठा तडाखा भूम आणि परंडा तालुक्यांना बसला, जे तालुके आजवर दुष्काळाच्या यादीत प्रथम वाचले जात. सीना आणि तिला मिळणाऱ्या लहान नद्यांनी गावे वेढली, माणसे छपरांवर अडकली, हेलिकॉप्टरने त्यांना उचलावे लागले. खासदार ओमराजे निंबाळकर स्वतः पाण्यात उतरून लोकांना बाहेर काढीत असल्याची दृश्ये सर्व महाराष्ट्राने पाहिली. लोकप्रतिनिधीच्या या धैर्याचे मी मनापासून अभिनंदन करतो. तथापि पाणी ओसरल्यावर शेतकऱ्याच्या पुढ्यात जे उरले ते विचारात घेतले पाहिजे. पिके गेलीच, पण शेकडो वर्षांत साचलेली काळी मातीही खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. दुभती जनावरे दावणीलाच मेली. मे महिन्याच्या त्या शासन निर्णयाप्रमाणे या आपत्तीसाठी विम्यात वेगळा दावा करण्याची सोयच राहिली नव्हती.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत घोषित केली. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५०० आणि खरवडलेल्या जमिनीला रोख ४७,००० रुपये, शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामे, असे तिचे मुख्य आकडे. रक्कम मोठी आहे आणि तिचे स्वागत करावे. परंतु ती नीट वाचली म्हणजे दिसते की १८,५०० मधील ८,५०० हा केंद्राच्या आपत्ती निवारण निकषातला दर आणि १०,००० रब्बीच्या बियाणे-खतांसाठी दिलेली भर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये याच राज्याने कोरडवाहूसाठी १३,६०० रुपयांचा दर आणि ३ हेक्टरांची मर्यादा जाहीर केली होती. मे २०२५ मध्ये, पुन्हा दोन अधिवेशनांच्या मधल्या काळातच, तो दर ८,५०० वर आणि मर्यादा २ हेक्टरांवर आणली गेली, आणि पुरानंतर ती ३ हेक्टरांवर परत न्यावी लागली. चार महिन्यांत खाली आणि पुन्हा वर, या हिंदोळ्याचा हिशेब विधानसभेने मागावयास हवा. आपत्तीनंतर जे औदार्य दिसते त्याची मोजणी आपत्तीपूर्वीच्या दरापासून झाली पाहिजे. तीच गोष्ट सततच्या पावसाची. एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पण पंधरा दिवस संततधार लागून पीक पिवळे पडले तर आपत्ती नाही, अशी स्थिती दीर्घकाळ होती. २०२२ च्या हंगामाने आणि या भागातील आमदारांच्या आग्रहाने तो प्रश्न ऐरणीवर आला आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सततच्या पावसाला नैसर्गिक आपत्ती मानण्याचे ठरविले. एका व्याख्येत झालेल्या या बदलाचे मूल्य मी एखाद्या मोठ्या घोषणेपेक्षा कमी मानीत नाही.

सोयाबीनच्या भावाविषयी सर्वच पक्षांचे लोक बोलतात, म्हणून मी थोडक्यातच बोलतो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. त्या हंगामांत बाजार समितीत प्रत्यक्ष सौदा त्याच्या बराच खाली निघाला, आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची गाठ पडते ती आर्द्रतेच्या १२ टक्क्यांशी. ऑक्टोबरात भिजून निघालेल्या प्रदेशात १२ टक्क्यांचे सोयाबीन दिवाळीपूर्वी आणावयाचे कोठून? नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ही मर्यादा १५ टक्के करण्यात आली, यावरून ती दगडावरची रेघ नव्हती हे सिद्ध होते. पाण्याचेही तसेच. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाचे २३.६६ टीएमसी पाणी मंजूर आहे, त्यातील पहिल्या टप्प्याचे ७ टीएमसी उजनीतून यावयाचे. या पाण्यावर दोन पिढ्यांनी निवडणुका लढविल्या आणि घटनेच्या ३७१ (२) कलमान्वये १९९४ साली स्थापन झालेले मराठवाडा विकास मंडळ, जे अनुशेषाचा हिशेब ठेवीत होते, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली ती संपलीच. हिशेब ठेवणारी वहीच बंद झाल्यावर सभागृहात अनुशेषाचे भाषण कोणत्या आकड्यांवर करावयाचे?

आता पीककापणी प्रयोगाकडे येतो, कारण पुढील हंगामांचे भवितव्य तेथे ठरणार आहे. महसूल मंडळात काही शेते निवडून, ठराविक मापाचा भूखंड आखून, त्यातील पीक कापून, मळून, वजन करून उत्पन्न काढावयाचे. ते मंडळाच्या उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरले तरच त्या मंडळातील सर्वांना भरपाई. उंबरठा उत्पन्न म्हणजे मागील ७ वर्षांपैकी उत्तम ५ वर्षांची सरासरी आणि तिच्यावर ७० टक्क्यांचा जोखीमस्तर. ज्या जिल्ह्यात ७ पैकी तीन-चार वर्षे अवर्षणाने किंवा अतिवृष्टीने बुडतात, तेथे उत्तम पाचांतही बुडालेली वर्षे शिरतात, सरासरी खाली येते, तिचे ७० टक्के आणखी खाली येतात. म्हणजे ज्याचे दारिद्र्य जुने, त्याला भरपाई मिळण्याची शक्यता कमी. निती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे होते त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमबरोबर उस्मानाबादही होता. मागासलेपणाची नोंद एका हाताने घ्यावयाची आणि त्याच मागासलेपणाचा आधार घेऊन विम्याचा उंबरठा दुसऱ्या हाताने खाली ओढावयाचा, हे न्यायाचे नाही. जोखीमस्तर अशा जिल्ह्यांसाठी ९० टक्के असावा आणि आपत्ती जाहीर झालेली वर्षे सरासरीतून वगळावीत, अशी अशासकीय ठरावाची सूचना धाराशिवच्या कोणत्याही आमदाराने, मग तो सत्तापक्षाचा असो वा विरोधातला, नागपूरच्या अधिवेशनात दिली तर तिला मराठवाड्यातील सर्व सदस्यांनी पाठिंबा द्यावा.

आणि तिच्या जोडीला आणखी एक सूचना. पीकविमा, आपत्तीची मदत आणि हमीभावाची खरेदी या तीन विषयांवरील शासन निर्णयांचे मसुदे अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू असतानाच, मार्चमध्ये, दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावेत आणि कृषी खात्याच्या मागणीबरोबर त्यांच्या कलमांवर चर्चा व्हावी. पेरणी मृगाला होते. मार्चमध्ये ठरलेली अट शेतकऱ्याला पेरणीपूर्वी अडीच महिने कळेल, ग्रामसभेत वाचली जाईल आणि कोणते पीक घ्यावे, विमा उतरवावा की नाही, याचा निर्णय तो जाणतेपणी घेईल. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही; मंत्रिमंडळाचा एक निर्णय आणि कामकाज सल्लागार समितीने राखून ठेवलेले दोन दिवस एवढे पुरते.